कोठडीतला एकांत

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यवाहांचा फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की निवृत्त डॉक्टर आहे, तेव्हा मधुमेह किंवा गुडघेदुखी यावर चार शब्द बोलेल. मी म्हटले, मला तुरुंगावर बोलायचे आहे. फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मग ते हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गणपतीत तुरुंग?" मी म्हटले, अहो, गोकुळाष्टमी होऊन थोडेच दिवस झालेत, आणि ज्याचा पाळणा आपण हलवला तो बंदिशाळेतच जन्मला होता. शिवाय ज्या लोकमान्यांनी हा उत्सव घरातून चौकात आणला, त्यांच्या आयुष्याची सात वर्षांहून अधिक तुरुंगात गेली. तेव्हा या मांडवाला तुरुंग अगदीच परका नाही. कार्यवाहांनी मोठ्या मनाने परवानगी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

सरकारी नोकरीत असताना मध्य प्रदेशातील एका जिल्हा कारागृहाचे वैद्यकीय काम काही वर्षे माझ्याकडे होते. त्या गावाचे नाव मी सांगणार नाही. कारण जे सांगायचे आहे त्यात मोठा दोष माझाच आहे, आणि गावाचे नाव आले की तो दोष गावावर जाऊन बसतो.

प्रथम एकांतकोठडी म्हणजे काय ते सांगतो. कैद्याला इतरांपासून तोडून एकट्याने बंद ठेवणे, ही तुरुंगातल्या शिक्षेच्या आतली आणखी एक शिक्षा. आमच्याकडच्या तुरुंगांत तिला 'तनहाई' म्हणत. शब्द गझलेतला वाटतो, पण जागा साधारण सहा पावले लांब आणि चार पावले रुंद, कोपऱ्यात संडास, वर हात न पोहोचेल असा झरोका.

याचा सर्वांत मोठा नमुना इंग्रजांनी अंदमानात उभा केला. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या कारागृहाचे नावच 'सेल्युलर', म्हणजे कोठड्यांचे. मधोमध मनोरा, त्यापासून चक्राच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती, आणि रचना अशी की एका इमारतीच्या कोठड्यांपुढे दुसऱ्या इमारतीची पाठ यावी. कैद्याला समोर माणसाचा चेहरा दिसू नये यासाठी इतका विटा-चुना खर्च झाला. १९११ मध्ये सावरकर तिथे पोहोचले तेव्हा सुरुवातीचे सहा महिने त्यांना एकांतवासात ठेवले होते. थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते, पण भावाभावांची भेट होऊ दिली जात नव्हती.

लोकमान्यांचे उदाहरण मात्र नेहमी चुकीच्या पद्धतीने दिले जाते. मंडालेला एकांतात बसून त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले, म्हणजे एकांत मिळाला की माणूस ग्रंथ लिहितो, असे आपण सहज बोलून जातो. थोडा तपशील पाहू. १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेला त्यांना पुस्तके मिळत होती. पाने मोजून बांधलेल्या वह्या आणि शिसपेन्सिल मिळत होती. स्वयंपाकासाठी दिलेला कैदी मराठी होता, म्हणजे दिवसातून चार शब्द मराठीत बोलायला माणूस होता. आणि मुळात ते टिळक होते. तरीही त्या सहा वर्षांत त्यांची प्रकृती खालावली, आणि १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यात वारल्या तेव्हा ती बातमी त्यांनी घरापासून शेकडो कोस दूर एकट्याने सोसली. 'गीतारहस्य' तुरुंगात लिहिले गेले, यात मोठेपणा टिळकांचा आहे, कोठडीचा नव्हे.

याउलट दुसरे उदाहरण पाहा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचने दिली. समोर सत्याग्रही कैदी बसत आणि साने गुरुजी लिहून घेत. ती 'गीता प्रवचने' आज घरोघरी आहेत. पुढे १९४४ मध्ये आपल्या इथल्या सिवनीच्या तुरुंगात विनोबांनी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्याने दिली. ऐकायला माणसे होती म्हणून ती झाली. कोणी म्हटले असते की हा पुढारी आहे, याला कोठडीत एकटा टाका, तर दोन्ही पुस्तके आपल्या हाती आली नसती. तुरुंगात माणूस सुधारतो तो दुसऱ्या माणसाच्या सहवासात, एवढेच मला यातून दाखवायचे आहे.

आता मी माझ्या गोष्टीकडे येतो.

१९९० नंतरची दोन-चार वर्षे होती ती. पावसाळ्याचे दिवस. विदर्भाच्या सीमेपलीकडून मजुरीला आलेला एक तिशीचा माणूस आमच्या तुरुंगात आला. शेतातली पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप होता. खटला अजून उभा राहिला नव्हता, म्हणजे तो कच्चा कैदी. न्यायालयाने जामीन मंजूर केला होता, पण जामीनदार स्थानिक हवा होता. त्याचे गाव दुसऱ्या राज्यात. इथे त्याला ओळखणारे कोण? तेव्हा जामीन मिळूनही तो आतच राहिला.

एका रात्री तो ओरडायला लागला. दुसऱ्या रात्री पुन्हा. चाळीस जणांच्या बराकीत ऐंशी माणसे झोपत होती, कुशीवर वळायचे तर शेजाऱ्याला सांगून वळावे लागे. लोक वैतागले, मारामारीची वेळ आली. सकाळी मी गेलो तेव्हा नंबरदार, म्हणजे इतर कैद्यांवर देखरेख ठेवणारा जुना कैदी, मला म्हणाला, "साहब, इसके कान में कोई बोलता है. रातभर चिल्लाता है." मी लांबूनच त्या माणसाकडे पाहिले. तो डोके धरून बसला होता. बाहेर पन्नास रोगी रांगेत होते. मी कागदावर लिहिले : श्रवणभ्रम, मानसिक आजाराची शंका, इतर बंद्यांपासून वेगळे ठेवावे. खाली सही केली.

त्याच दिवशी तो तनहाईत गेला. त्याला मनोरुग्णालयात पाठवायचा कागद तयार झाला, पण सोबत न्यायला पोलीस गार्ड मिळेना. कागद फिरत राहिला आणि माणूस कोठडीत राहिला.

१८९४ च्या कारागृह कायद्यात एक चांगली तरतूद होती. चोवीस तासांहून अधिक काळ कोठडीत ठेवलेल्या कैद्याला डॉक्टरने किंवा त्याच्या सहायकाने रोज एकदा भेट दिली पाहिजे. ही भेट मी रोज दिली. म्हणजे गजांसमोर उभा राहिलो, आत नजर टाकली, नोंदवहीत 'ठीक' लिहिले आणि पुढे गेलो. अर्धा मिनिट लागत असेल. अकरा दिवस, अकरा सह्या.

बाराव्या दिवशी नंबरदार दुसऱ्या कामात होता. चावीवाल्याची वाट पाहत मी कोठडीबाहेर उभा राहिलो. आतून पुटपुटणे ऐकू आले, आणि माझ्या लक्षात आले की हा माणूस वऱ्हाडी बोलतो आहे. बंधुभगिनींनो, तोपर्यंत हे मला माहीत नव्हते, कारण मी त्याला काही विचारलेच नव्हते. मी म्हटले, "काय होतंय रे तुला?" तो दचकला. मराठी ऐकून तो गजांपाशी आला आणि म्हणाला, "कानात कायी तरी वयवयते जी साहेब."

वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो. डोळ्याचा डोया होतो आणि वळवळण्याचे वयवयणे होते. तो पहिल्या रात्रीपासून सांगत होता की कानात काहीतरी वळवळते. नंबरदाराने त्याचे 'कोई बोलता है' केले. आणि एम.बी.बी.एस. झालेल्या मी त्याचे शास्त्रीय भाषेत 'श्रवणभ्रम' केले.

दवाखान्यात नेऊन मी कान पाहिला. आत मेलेले लहानसे झुरळ होते, भोवती पू. पहिल्या रात्री ते जिवंत असणार, आणि जिवंत किडा कानाच्या पडद्यावर चालू लागला म्हणजे काय होते हे ज्याला झाले आहे त्यानेच सांगावे. चिमटा, पिचकारी, औषध. वीस मिनिटांचे काम. दहा दिवसांत कान कोरडा झाला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती चुटका म्हणून सांगितली असती. तो बराकीत परत गेला, पण पहिल्यासारखा राहिला नाही. भिंतीकडे पाठ करून बसायचा. कोणी मागून गेले तरी अंग चोरायचा. मला सर्वांत लागले ते वेगळेच. बराकीचे दार सकाळी उघडले की सगळे बाहेर पडत. हा दारापर्यंत येई आणि उंबऱ्याशी थांबे. कोणी 'चल' म्हणेपर्यंत पाऊल बाहेर टाकत नसे. काही महिन्यांनी त्याने गुन्हा कबूल केला, भोगलेला काळ शिक्षेत धरला गेला आणि तो सुटला. त्या दिवशी मी योगायोगाने फाटकाशी होतो. मोठ्या फाटकातले छोटे दार उघडले. तो तिथेही थांबला. शिपायाला वाटले काही विसरला असेल. मग तो म्हणाला, "जा ना भाई." तेव्हा तो गेला.

गुन्हा खरेच केला होता की घरी जायचे म्हणून कबूल केला, हे मला आजही सांगता येणार नाही.

या घटनेनंतर मी कायदा वाचायला घेतला. डॉक्टर कायदा वाचतो तो बहुधा उशीरच झालेला असतो. जे वाचले ते आपल्यालाही माहीत असावे म्हणून थोडक्यात सांगतो.

आपल्या भारतीय दंड संहितेत एकांतवासाची शिक्षा होती. कलम ७३ प्रमाणे ती फक्त न्यायालय देऊ शकत होते, तीही सश्रम कारावासाबरोबर, आणि एकूण तीन महिन्यांहून अधिक नाही. कलम ७४ प्रमाणे सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही. विधी आयोगाने १९७१ च्या आपल्या ४२ व्या अहवालात ही शिक्षा आजच्या विचारांशी जुळत नाही, ती काढून टाकावी, असे सांगितले. पन्नासहून अधिक वर्षांनी, १ जुलै २०२४ पासून, जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे क्रमांक बदलले, ७३ आणि ७४ चे ११ आणि १२ झाले. एकांतवास मात्र तसाच राहिला.

तुरुंगाच्या आत कोठडी वापरली जाते ती बहुतेक वेळा न्यायालयाच्या शिक्षेने नव्हे, तर तुरुंगाच्या सोयीने. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनील बत्रा यांचा खटला चालला. त्यांना सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली होती, अपील बाकी होते, पण तिहारमध्ये त्यांना आधीच एकट्याने ठेवले होते. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर ज्या खंडपीठावर होते त्या खंडपीठाने सांगितले की वेगळ्या कोठडीत ठेवणे म्हणजे एकांतवास देणे नव्हे. इतर कैदी दिसले पाहिजेत, त्यांचा आवाज ऐकू आला पाहिजे. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला आपल्या मनाने एकांतवास लादता येणार नाही. याच बत्रांनी पुढे दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, आणि डिसेंबर १९७९ मध्ये आदेश दिला की कोठडीसारखी शिक्षा सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय देऊ नये, आणि तातडीची वेळ असेल तर दोन दिवसांच्या आत त्यांना कळवावे.

दोन दिवसांच्या आत! आमच्या तुरुंगात अकरा दिवसांत कोणी कळवले नाही. अधीक्षकांनी नाही आणि मीही नाही. निकाल होऊन तेव्हा दहा-पंधरा वर्षे झाली होती, पण तो दिल्लीहून आमच्या कोठडीपर्यंत पोहोचला नव्हता.

'याला वेड लागले आहे' हे वाक्य तुरुंगात फार स्वस्त असते. बिहारमधले रुदुल शाह १९६८ मध्ये निर्दोष सुटले, आणि तुरुंगातून बाहेर आले १९८२ मध्ये. चौदा वर्षे का ठेवले, तर उत्तर असे की ते वेडे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते उत्तर मानले नाही आणि त्यांना नुकसानभरपाई दिली. माझ्या 'श्रवणभ्रम' या शब्दाने त्या मजुराची अशीच वर्षे गेली असती. झुरळाने आणि वऱ्हाडीने त्याला वाचवले असे म्हणायचे.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांच्या वागणुकीचे नियम नव्याने मंजूर केले. त्यांना नेल्सन मंडेला यांचे नाव दिले आहे, आणि ते योग्यच आहे, कारण मंडेलांनी सत्तावीस वर्षे कैदेत काढली होती. त्यांत व्याख्या अशी आहे : दिवसाचे बावीस तास किंवा त्याहून अधिक काळ, माणसांशी खराखुरा संपर्क न ठेवता बंद ठेवणे म्हणजे एकांतवास. सलग पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवले तर तो दीर्घ एकांतवास, आणि त्याला बंदी. मानसिक आजार असलेल्याचा आजार त्याने वाढणार असेल तर तो देऊच नये. डॉक्टरांसाठी वेगळा नियम आहे : अशी शिक्षा देण्यात डॉक्टरने कोणताही भाग घेऊ नये, पण कोठडीतल्या माणसाला रोज भेटावे. मी नेमके उलटे केले होते. शिक्षेत भाग घेतला आणि भेट घेतली नाही. माझा मजूर अकरा दिवस आत होता, पंधरापेक्षा कमी. कागदावर तो दीर्घ एकांतवास ठरत नाही. तो उंबरा मात्र मला आठवतो.

आता आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न आला असेल की डॉक्टर, तुरुंगात सगळे झुरळवाले मजूर नसतात. खुनी असतात, टोळीवाले असतात, दुसऱ्याच्या जिवावर उठणारे असतात. त्यांचे काय करायचे? प्रश्न रास्त आहे. मी अशी माणसे पाहिली आहेत, आणि एकाने माझ्या कंपाउंडरवर पत्र्याचा तुकडा उगारला होता. माझे उत्तर असे : वेगळे ठेवा, पण एकटे ठेवू नका. रात्री कोठडी हवी तर हवी. दिवसा काम, वाचन, दोन तास मोकळी हवा, रोज कोणाशी तरी बोलणे, आणि घरच्यांची मुलाकात. एकट्याने कोंडलेला माणूस कधी तरी बाहेर येतोच, आणि येतो तो आपल्याच बसमध्ये शेजारी बसतो. तो कसा होऊन बाहेर यावा, हा आपल्याही सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

कोठडीचा प्रश्न गर्दीपासून वेगळा काढता येत नाही. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत माणसे ५,७३,२२० होती. आपल्या मध्य प्रदेशात तर शंभर माणसांच्या जागेत दीडशेहून अधिक. त्या पावणेसहा लाखांत ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतले तीन असे, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. बराकीत श्वास घ्यायला जागा नाही, डॉक्टरला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ नाही, तेव्हा जो ओरडतो, जो रडतो, जो भांडतो, त्याला कोठडीत टाकणे हा सर्वांत सोपा उपाय होतो. कोणी क्रूर असावे लागत नाही. मी क्रूर नव्हतो, घाईत होतो.

म्हणून कोठड्या रिकाम्या करायच्या तर आधी बराकी हलक्या झाल्या पाहिजेत. १९७८ मध्येच आपल्या राज्यातला मोतीराम नावाच्या गवंड्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भावाची हमी नाकारली, कारण भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला. न्यायालयाने एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितले, आणि विचारले की परमुलखात पकडलेल्या माणसाने तिथला जामीनदार आणायचा कुठून? परमुलखात राहणाऱ्या आपल्या मंडळींना तरी हा प्रश्न समजावून सांगायला नको. अलीकडे काही चांगले घडले आहे. २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आणि दंडासाठी मदतीची योजना आणली. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडण्यासाठी तुरुंग अधीक्षकांनीच न्यायालयाकडे अर्ज करायचा आहे. मृत्युदंडाचे आणि जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचाराची सोय सांगितली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतली, जातीवरून काम वाटणारी कलमे रद्द केली. दगडावरची रेघ वाटणारी नियमपुस्तकेही बदलतात. मग एकांतवासाची दोन कलमेही बदलू शकतात.

पण कलम बदलेपर्यंत आपण काय करायचे? मी या मंडळापुढे तीन गोष्टी ठेवतो.

पहिली गोष्ट. प्रत्येक तुरुंगासाठी अभ्यागत मंडळ असते. त्यात जिल्हाधिकारी, न्यायाधीश असतात, आणि अशासकीय अभ्यागत म्हणून तुमच्याआमच्यासारखे नागरिकही नेमता येतात. बऱ्याचदा या नेमणुका कागदावरच राहतात. आपल्यातल्या निवृत्त शिक्षकांनी, बँकेतल्या मंडळींनी आणि विशेषतः भगिनींनी यासाठी आपली नावे द्यावीत. आत गेल्यावर जेवणाची आमटी चाखून परत येऊ नये. चार प्रश्न विचारावेत : कोठडीत आज कोण आहे? कधीपासून आहे? कोणाच्या हुकमाने आहे? आणि आज त्याच्याशी कोण बोलले? चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्या कैद्याकडूनच घ्यावे.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या भागातल्या तुरुंगांत विदर्भातले, खानदेशातले मजूर येतात. हिंदी येते म्हणतात, पण दुखणे माणूस आपल्या भाषेतच सांगतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला मंडळाने पत्र द्यावे की मराठी बोलणाऱ्या कैद्यासाठी दुभाषी लागला, तर आमची ही पाच माणसे केव्हाही येतील. याला पैसा लागत नाही. त्या काळी असे पत्र असते, आणि मी ते वापरले असते, तर अकरा दिवस वाचले असते.

तिसरी गोष्ट. गणेशोत्सवात आपण तुरुंगात मोदक पाठवतो, भजन ठेवतो. जरूर ठेवा. पण भजनाला बराकीतले लोक येतात. कोठडीतला येत नाही. अधीक्षकांना विनंती करा की आरतीच्या वेळी त्याचेही दार उघडावे. नाही म्हणाले तर का नाही, हे लेखी मागा. त्या एका प्रश्नाने नोंदवहीत त्याचे नाव तरी वर येते.

आता शेवटचे, आणि ते कबुलीचे. त्या घटनेनंतर मी माझी पद्धत बदलली. दार उघडल्याशिवाय 'ठीक' लिहायचे नाही, आणि कैद्याचे एक तरी वाक्य ऐकल्याशिवाय सही करायची नाही, असे ठरवले आणि पाळले. पुढच्या काळात तीन-चार जणांना माझ्या शेऱ्यामुळे बराकीत परत घेतले. पण त्या मजुराबद्दल मी सत्र न्यायाधीशांना कधीच कळवले नाही. अधीक्षकांशी रोजचे संबंध होते, मुलांची शाळा होती, बदलीची भीती होती. शिवाय पहिली सही माझीच होती. मी गप्प राहिलो. आज इतक्या वर्षांनी या मांडवात बोललो, ते कोणी वाहवा करावी म्हणून नाही. आपल्यापैकी कोणी आज अशा खुर्चीवर असेल, डॉक्टर असेल, वकील असेल, तुरुंगाच्या नोकरीत असेल, तर त्याने माझ्याइतका उशीर करू नये म्हणून.

लहानपणी आजी सांगायची की गणपतीचे कान सुपासारखे का, तर त्याला सगळ्यांचे ऐकायचे असते म्हणून. मोठेपणी मी कान तपासायला शिकलो, पण ऐकायला शिकलो नव्हतो. ते मला सीमेपलीकडच्या एका मजुराने शिकवले, आणि त्याची किंमत त्याने भरली.

उद्यापासून पुन्हा आरत्या, प्रसाद, मुलांचे कार्यक्रम आहेत. सर्वांनी आनंदाने भाग घ्यावा. अभ्यागतांसाठी नावे द्यायची वही कार्यवाहांच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या ओळीत मी माझे नाव लिहिले आहे. खाली जागा भरपूर आहे.

 गणपती बाप्पा मोरया!